पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल आणि आत्यांचं धुणं

धाकटा परवा चौदा महिन्यांचा झाला. त्याच्या जन्माची गोष्ट मी याआधी दोनदा लिहायला घेतली आणि दोन्ही वेळा पुसून टाकली. पहिल्यांदा तिचं रडगाणं झालं होतं, दुसऱ्यांदा फुशारकी. आता दोन्हींचा जोर ओसरलाय.

मी पाटणला एका पतसंस्थेत हिशेब बघते. माहेर विट्याचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, आणि सिझर झालं, कारण थोरली पायाळू होती. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तिचं डोकं वर, माझ्या बरगड्यांना टेकलेलं, आणि बूड खाली. दिवस भरत आलेल्या शंभर बाळांत तीन-चार अशी उलटी बसलेली असतात. पूर्वी सुइणी आणि जुने डॉक्टर अशी बाळंतपणं खालूनच करत. २००० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, बऱ्याच देशांतल्या बायकांना घेऊन केलेला. त्यात पायाळू बाळासाठी ठरवून केलेलं सिझर जास्त सुरक्षित निघालं आणि तेव्हापासून जगात बहुतेक ठिकाणी तोच रिवाज पडला. नव्या डॉक्टरांचा त्यात हात बसलाच नाही. तेव्हा त्या सिझरबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतरच्या टोमण्यांची. "कळ न सोसता आई झाली," असं एक चुलत सासूबाई माझ्यासमोर म्हणाल्या, तेव्हा मी टाके सांभाळत भिंतीला धरून संडासाकडे चालले होते.

घरात मात्र भलताच वाद रंगला होता. सिझरने काढलेलं मूल पायाळू धरायचं की नाही? पायाळू माणसाने पाठीवरून पाय फिरवला की उसण जाते, हे आमच्याकडे पक्कं. माझ्या सासूबाईंनी (मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात) निकाल दिला, "पोटात कशी बसलीवती ते बगायचं. दार कंचं का आसंना." तेव्हापासून थोरली ही घरातली पाठीची अधिकृत डॉक्टर आहे. फी म्हणून लिमलेटची गोळी घेते.

साडेतीन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले आणि ऑफिसातल्या शिपायापासून मावशीपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, एकदा सिझर की कायम सिझर. हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरचं, १९१६ सालचं. गंमत म्हणजे तो सिझर करा असं सांगतच नव्हता. पहिलं सिझर उगाच करू नका, नाहीतर पुढचीही तशीच करावी लागतील, असा त्याचा इशारा होता. त्या काळी गर्भाची पिशवी वरच्या जाड भागात उभी कापत, आणि तो टाका पुढच्या खेपेला कळांनी उसवायची भीती मोठी असे. पुढे खालच्या पातळ भागात आडवा छेद घ्यायची पद्धत रुळली. तो टाका कितीतरी भरवशाचा. कारण गेलं, वाक्य राहिलं. आमच्या पतसंस्थेतही काही नियम असेच आहेत.

गावातल्या डॉक्टरांकडे गेले तर ते स्वच्छ बोलले. "ताई, तुमचं नॉर्मल होणार नाही असं मी म्हणत नाही. माझ्याकडे होऊ देणार नाही म्हणतोय." त्यांच्याकडे भूल द्यायला डॉक्टर कराडहून येतात. "पिशवी फाटली तर माझ्या हातात मिनिटं असतात. आणि भूलवाले त्या वेळी मल्हारपेठेत असतील."

बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, हे सगळे पैशासाठी सिझर करतात. आता हा संशय हवेतला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझर निघाली आणि खासगीत ४७.४ टक्के. आपल्या महाराष्ट्रात सगळं मिळून २५.४. बायकांची हाडं काही दवाखान्याची पाटी बघून बदलत नाहीत. शिवाय आमच्या नात्यात एकीने अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त काढून सिझर करून घेतलंय, तेव्हा सगळं पाप डॉक्टरांच्याच माथी मारण्यातही अर्थ नाही. पण या डॉक्टरांनी तर मला कराडला पाठवून हातचं गिऱ्हाईक सोडलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, माणूस खरं बोलला, त्याला नावं ठेवू नकोस.

कराडच्या डॉक्टरबाई माझ्या आईच्या वयाच्या. माझ्याकडे न बघता आधी त्यांनी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. छेद आडवा आहे ना, टाका चिघळला होता का, नंतर ताप आला होता का, मध्ये किती अंतर. मग माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर त्यांनी पेनाने उपडा तांब्या काढला, त्याच्या गळ्यापाशी एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "हा तुझा टाका."

त्यांनी सांगितलेले आकडे मी तिथेच पावतीमागे लिहून घेतले. पहिल्या सिझरनंतर ज्या शंभर जणी कळा देऊन बघतात, त्यांतल्या सत्तर-पंच्याहत्तर नॉर्मल होतात. उरलेल्यांना कळाही सोसाव्या लागतात आणि वर घाईत सिझरही, आणि ठरवून केलेल्या सिझरपेक्षा हे जास्त त्रासाचं. माझं पहिलं बाळ वाटेत अडलं नव्हतं, उलटं बसलं होतं. ही जमेची बाजू. टाका उसवायची शक्यता दोनशेत एक. कळा यायला औषध लावलं तर ती दोन-तीनपट.

"दोनशेत एक म्हणजे काहीच नाही," नवरा गाडीत म्हणाला. आमच्या पतसंस्थेत चौदाशे कर्जखाती आहेत. दोनशेत एक म्हणजे सात. बुडालेली सात खाती मला नावानिशी पाठ आहेत.

त्या रात्री मी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर रेघ ओढली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सवयच तशी. आधी ठरवून केलेलं सिझर घेतलं. जमेला काय? तारीख हातात, टाका उसवायची धास्ती जवळजवळ नाही, खाली काही फाटायचं नाही. नावे टाकायचं तर पोट परत त्याच जागी उघडायचं, आत मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी. कळा सुरू व्हायच्या आत काढलेल्या बाळाला पहिले एक-दोन दिवस धाप लागण्याचं प्रमाण थोडं जास्त, म्हणून एकोणचाळीस आठवडे पुरे होईपर्यंत डॉक्टर थांबतात. आणि सगळ्यात जड रक्कम पुढच्या खेपेची. प्रत्येक सिझरगणिक पुढच्या गरोदरपणात वार (बाळाला नाळेतून पोसणारा गोळा) जुन्या टाक्यावर बसायची आणि पिशवीत रुतायची शक्यता वाढत जाते. रुतलेली वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, कधी पिशवीच काढावी लागते. आमचं दोनावर थांबायचं ठरलेलं, म्हणून ही रक्कम मी कंसात टाकली. माझ्या नणंदेला तीन हवीत. तिने वही घातली तर हीच नोंद पहिल्या ओळीवर यायला हवी. 'सिझर बरं की नॉर्मल' असं सरसकट विचारणाऱ्यांना मी आता आधी हेच विचारते, मुलं किती हवीत?

मग नॉर्मल. जमेची बाजू भराभर भरली. लवकर उठता येईल, थोरलीला कडेवर घेता येईल, पोटावर टाके नाहीत. एक बाब मात्र पेन्सिलीने लिहिली, मला एकदा कळा बघायच्या होत्या. ही नोंद ऑडिटला टिकणार नाही हे मलाही कळत होतं.

नावे बाजूला एकच ओळ. टाका उसवणे, दोनशेत एक. बाकी पान कोरं. माझ्या आसपासच्या एकाही बाईने नॉर्मल बाळंतपणाची दुसरी कुठलीही किंमत मला कधी सांगितली नव्हती. आमच्या घरात तर तो कुळाचा अभिमान. आत्यांची चारही बाळंतपणं घरात, सुइणीच्या हातची. "येकदा बी दवाखाना बगितला न्हाई," हे त्या पाहुण्यांना चहासोबत सांगायच्या.

मे महिन्यात, सातवा चालू असताना, वळवाचा पाऊस आला म्हणून मी परड्यातलं धुणं काढायला धावले. दोरीवर आत्यांचं लुगडं पसरलेलं आणि त्याखाली, कुणाला दिसणार नाहीत अशा, सुती कापडाच्या सहा चौकोनी घड्या. जुन्या लुगड्याच्याच. कडा हाताने टाके घालून शिवलेल्या. आत्यांची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. मी त्या घड्या हातात घेऊन पावसात उभी राहिले. आत्यांनी ओटीवरून बघितलं, आल्या, माझ्या हातातून घेतल्या आणि म्हणाल्या, "म्हातारपनाचं धुनं हाय ते."

दोन दिवसांनी तांदूळ निवडताना, मान वर न करता, त्या आपणहून बोलल्या. शिंक आली, खोकला आला, हसू आलं की लघवी सुटते. सांजच्याला अंग बाहेर येतं, बसलं की टोचतं. रानात जायच्या आधी त्या ते हाताने आत सारतात आणि कापड घट्ट बांधतात. दहा वर्षं. तिसऱ्या खेपेला दिवसभर आणि रात्रभर अडल्या होत्या, सुईण नुसतं 'जोर कर, जोर कर' म्हणत होती. बाराव्या दिवशी भातलावणीला चिखलात उतरल्या. "कुनाला सांगायचं, पोरी? पुरुषांस्नी?" मग एक खडा उचलून सुपाबाहेर टाकला आणि म्हणाल्या, "आन् लोकं म्हनत्यात, हिची समदी नार्मल."

मी पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना हे विचारलं. त्या म्हणाल्या, खरं आहे. गरोदरपणाच्या ओझ्याने खालचे स्नायू तसेही सैल पडतात, त्यामुळे सिझर झालेलीला हे होतच नाही असं नाही. पण खालून बाळंत झालेल्या बायकांत लघवी सुटणं आणि अंग बाहेर येणं जास्त, आणि खेपा वाढल्या की अजून. "आणि खालच्या टाक्यांच्या दृष्टीने तू अजून पहिलटकरीणच आहेस. पहिलटकरणींत दहात नऊ जणींना थोडंफार फाटतं. ते भरून येतं. शंभरात सहाएक जणींचं मागच्या, शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूपर्यंत जातं, ते नीट बघून शिवावं लागतं."

"हे आधीच का सांगत नाहीत?"

"सांगितलं की बायका सिझर मागतील असं काहींना वाटतं. मी सांगते. मग जी मागेल तिला देते."

पान भरलं. बेरीज केली नाही, कारण रुतलेली वार, सुटलेली लघवी आणि थोरलीला कडेवर घेणं यांचं माप एक नाही. जागेवर मात्र माझं ठरलं. पाटणला असते तर ठरवून सिझर घेतलं असतं, दुसरा विचार न करता. कराडला भूल देणारे डॉक्टर रात्रीही तिथेच, थिएटर त्याच मजल्यावर, रक्त तपासून जुळवून ठेवणार. तर बघू म्हटलं. नववा लागल्यावर मलकापूरला चुलत जावेकडे राहायला गेले, दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. फाईलच्या पहिल्या पानावर बाईंनी लिहिलं, कळांचं औषध नको, तारखेच्या पुढे चार दिवस वाट, मग सिझर.

जुलैत, तारखेच्या तीन दिवस आधी, रात्री दीडला पाणी गेलं. बाहेर मुसळधार. जावेचा नवरा रिक्षावाल्याला उठवायला गेला तो आधी चुकीच्या घरी.

दवाखान्यात पोटाला पट्टा बांधला आणि खोलीभर बाळाचे ठोके सुरू झाले. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरताना येतो ना, तसा धबधब आवाज. हाताला सुई टोचून ठेवली, खायचं बंद. नर्स दर थोड्या वेळाने एकच विचारायची, "ताई, कळ गेली की टाक्यावर दुखतंय का?" कळ आली की सगळंच दुखतं, त्यातलं टाक्याचं वेगळं काढता येत नाही. पण कळ गेल्यावरही तिथे दुखत राहिलं तर ती खूण. सगळ्यांत पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते, म्हणून तो पट्टा सोडायचा नाही. मला बाजूला वळायचं होतं, चालायचं होतं. पट्ट्याने बांधून ठेवलं. कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन हवं का विचारलं होतं, मी ऐटीत नको म्हटलं. सकाळी आठला मी त्या ऐटीला शिव्या घालत होते. पेन्सिलीने लिहिलेली नोंद तेवढ्यापुरती खोडून टाकावीशी वाटली.

अकराला पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं. दीड तास जोर केला. बाई 'छान, छान' म्हणत होत्या आणि मग एकदम म्हणायच्या थांबल्या. गिरणी मंदावली होती. कळ गेली तरी ठोके वर येईनात. दोन नर्स आल्या, पाय वर घेतले, "छेद घेतेय, वाटी लावतेय, आता जीव लावून." व्हॅक्यूमच्या वाटीने दुसऱ्या कळेला डोकं आलं. साडेतीन किलोला थोडा कमी, मुलगा, आणि आल्या आल्या ओरडला. त्याला माझ्या छातीवर ठेवलं. मी रडले की हसले ते जावेला विचारा. मला आठवतात त्या खाली वाकून बराच वेळ बघत राहिलेल्या बाई.

"मागचा स्नायू फाटलाय. थिएटरमध्ये घेऊ, चांगल्या उजेडात शिवू."

म्हणजे ज्या टेबलाला टाळायला मी नऊ महिने आकडेमोड केली, त्याच टेबलावर, मणक्यात तीच भूल घेऊन, तासभर. वर तेच हिरवं कापड. मी बाईंना म्हटलं, हे तर दोन्ही झालं. त्या मास्कमागून म्हणाल्या, "पिशवी शाबूत आहे. हलू नको."

नंतरचे दिवस पुढच्या बाजूने सोपे आणि मागच्या बाजूने अवघड गेले. तिसऱ्या दिवशी मी थोरलीला मांडीवर घेतलं, हे खरं. शौचाला जायची अशी भीती बसली की सकाळ झाली की पोटात गोळा, हेही खरं. शी मऊ राहायला औषध, अँटिबायोटिक, कोमट पाण्यात बसणं. आणि वारा अजिबात धरता यायचा नाही.

बाराव्या दिवशी बारसं. खोलीभर बायका, मी पाटावर, मांडीत बाळ, पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि दुसऱ्या कडव्याला ते झालं. मोठ्याने. पाळणा अडखळला. मला जमीन दुभंगावी असं वाटेपर्यंत आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माजाच हाय गं. काल वांगं खाल्लं. म्हना पुढं." बायका हसल्या आणि पाळणा पुढे गेला. चार नॉर्मल बाळंतपणांची फुशारकी मारणाऱ्या बाईने ती भर बैठकीत माझ्यासाठी सोडून दिली.

दीड महिन्याने तपासणीला गेले तेव्हा बाईंनी फिजिओथेरपीच्या मुलीकडे पाठवलं. नीट शिवलेल्यांपैकी शंभरात साठ ते ऐंशी जणींना वर्षाने काही त्रास उरत नाही, असं त्या म्हणाल्या. मी त्यांत आहे असं म्हणायला हरकत नाही, फक्त एस.टी. पकडायला धावू नये. लोक अजून अभिनंदन करतात, 'नॉर्मल झालं हो!' म्हणतात. मी विचारते, मग थोरली काय ॲबनॉर्मल? जाऊबाईंच्या मुलीचं पहिलं सिझर झालंय, ती परवा विचारत होती, पुन्हा वेळ आली तर हेच करशील का? कराडला, त्याच बाईंच्या हातून, हो. आणि पाठीतलं इंजेक्शन पहिल्याच तासाला. तिला मी तिचं डिस्चार्ज कार्ड शोधायला लावलंय, तिच्या गावापासून थिएटर किती लांब ते विचारलंय. माझं उत्तर तिला लागू करू नको हेही सांगितलंय, पण ते कुणी ऐकत नाही.

त्या तपासणीला आत्यांना मी खोटं बोलून सोबत नेलं होतं, बाळाला धरायला कुणीतरी हवं म्हणून. आत बाईंनी बाळ माझ्याकडे दिलं आणि त्यांना टेबलावर झोपवलं. ऑपरेशनला आत्या नाही म्हणाल्या, भात काढणी तोंडावर आहे म्हणून. ती काढणी होऊन गेली, आता दुसरी आली तरी अजून नाहीच म्हणतात. पण अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवून घेतली. दर तीन-चार महिन्यांनी ती काढून धुवून परत बसवायला आम्ही दोघी कराडला जातो आणि येताना स्टँडवर उसाचा रस पितो. दोरीवर लुगड्याखाली आता दोनच घड्या असतात.

व्यायाम मात्र दोघींना एकच दिलाय. लघवी अडवल्यासारखं आत ओढायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. असं दहादा. आठची मालिका लागली की आम्ही भिंतीला टेकून बसतो. नवऱ्याला वाटतं आम्ही मालिका बघतोय. थोरली मध्येच येऊन विचारते, पाठ दुखतेय का, पाय देऊ का. मी मनात मोजते. आत्यांना मनात मोजता येत नाही, ओठ हलतात. आयुष्यभर खळ्यावर भात मापलं तसंच मोजतात, पहिल्या मापाला एक न म्हणता. लाभ. दोन. तीन. चार.